शाल नको, माइक द्या

नागपूरची गाडी सकाळी सहाला भोपाळच्या हबीबगंजला लागली. स्टेशनचं नाव बदलून राणी कमलापती झालं तरी प्रमिलाच्या तोंडी हबीबगंजच होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दोन बॅगा घेऊन फलाटावरच्या बाकावर बसली आणि भावजयीची, शशिकलाची, वाट पाहू लागली. बराच वेळ गेला. फोन नुसता वाजत राहायचा. शेवटी तिने शशिकलाच्या मुलीला, मंजूषाला, फोन लावला. मंजूषा साकेत नगरला राहायची, स्टेशनपासून जवळच. ती घरातल्या कपड्यांतच गाडी काढून आली आणि आत्याला घेऊन अयोध्या नगरला आईकडे निघाली.

दार उघडंच होतं. घरभर करपल्याचा वास होता. शशिकला चांगली साडी नेसून, पर्स काखेला लावून, आरशासमोर टिकली लावत होती. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देऊन देऊन कोरडा पडला होता.

"वन्सं? तुम्ही कशा आलात? मी आता निघतच होते. दहाला येणार होतात ना तुम्ही?"

"सहा म्हटलं होतं मी, शशी. दोनदा सांगितलं."

मंजूषाने धावत जाऊन गॅस बंद केला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीचा गॅस तसाच सुटला होता. त्याआधी शेजारच्यांच्या मुंजीला आई एक दिवस उशिरा पोचली होती. आता हे.

"आई, तू आमच्याकडे राहायला चल. हे घर भाड्याने देऊन टाकू."

शशिकलाने काखेची पर्स काढून ठेवली. एरवी मुलीने असं काही सुचवलं असतं तर तिने लगेच उडवून लावलं असतं. शशिकला बोकाडे म्हणजे कधीकाळची विदर्भाच्या संघाची कबड्डीपटू. खेळाडूंच्या कोट्यातून भोपाळच्या कारखान्यात तिला कारकुनाची नोकरी लागली आणि ती नागपूरहून इकडे आली. कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर तिने कितीतरी वर्षं पंचगिरी केली. पुढे स्पर्धांच्या वेळी हातात माइक घेऊन ती सामन्याचं वर्णन करायची. तिचा आवाज ऐकला की रस्त्यावरचे सायकलवाले थांबायचे. आता सत्तरी जवळ आली होती. नवरा, गोपीनाथ, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती मैदानाकडे फिरकली नव्हती.

आज तिने उडवून लावलं नाही, याला कारण तिची आई होती. शेवटची काही वर्षं आईने तिला ओळखलं नव्हतं. नागपूरला माहेरी गेली की ती आईला भात भरवायची आणि आई विचारायची, "तुम्ही कोणाच्या बाई?" तो प्रश्न शशिकलाच्या मनात घर करून बसला होता. अलीकडे एखादं नाव आठवेनासं झालं की तिचे हातपाय गार पडायचे. आपली पाळी आली, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"एकदा डॉक्टरला तर दाखवू," प्रमिला म्हणाली. "घर भाड्याने द्यायचं ते नंतर बघा."

साकेत नगरमध्ये स्मृतीच्या तक्रारींसाठी एक खासगी दवाखाना होता. तिथे आधी चाचणी व्हायची. चाचणी घेणारी मानसशास्त्रज्ञ तरुण होती, जुई नाव. शशिकलाची मातृभाषा मराठी म्हणून तिने मराठीतच सुरुवात केली. जुईला सर्दी झाली होती, म्हणून तोंडाला मास्क होता.

"मी पाच शब्द सांगते, आजी. तसेच मला परत सांगा. पतंग, लोटा, चंदन, गाढव, पूल."

शशिकला सावरून बसली. "पलंग, गोटा, चंदन, गाढव, फूल."

जुईने ते शब्द पुन्हा सांगितले. पुन्हा तेच उत्तर आलं. मंजूषा मागे बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

जुईने हातातला कागद खाली ठेवला. मग उठून खिडकीपाशी गेली, खिडकी उघडली आणि तिथूनच मास्क खाली केला. "आता माझ्याकडे बघा," म्हणाली आणि तेच पाच शब्द पुन्हा उच्चारले.

"पतंग, लोटा, चंदन, गाढव, पूल," शशिकला म्हणाली. "मघाशी तुम्ही दुसरे सांगितले होते."

"नाही आजी. तेच सांगितले होते." जुईने मास्क वर केला आणि परत येऊन बसली. "करोनात सगळे मास्क लावायचे, तेव्हा लोकांचं बोलणं तुम्हाला आणखीच कमी समजायचं का?"

शशिकला विचारात पडली. तेव्हा बँकेत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे तिला लोक पुटपुटताहेत असं वाटायचं. आपण इतकी वर्षं लोकांच्या ओठांकडे पाहून बोलणं ओळखतो आहोत हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवशी जुईने उरलेली चाचणी अर्धी लिहून, अर्धी समोर बसून, सावकाश घेतली. पुढच्या आठवड्यात कानांची तपासणी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, रक्तदाब मोजला. तो इतका चढलेला होता की नर्सने पुन्हा पट्टा बांधला.

"गोळी घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर भोपाळचेच होते, हिंदीत बोलायचे, समोरच्याकडे तोंड करून, शब्द सुटे करून.

"घ्यायचे. हे गेल्यावर सोडली. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला?"

डॉक्टरांनी सगळे कागद बाजूला ठेवले. "तुम्हाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेला नाही. हे आधी ऐका. काही नावं पटकन आठवत नाहीत, ते खरं आहे, वयाच्या मानाने थोडं जास्तच आहे. पण तुमचा मोठा त्रास कानांचा आहे. अर्धवट ऐकू आलेलं जुळवण्यातच मेंदूची सगळी ताकद जाते, मग ते लक्षात ठेवायला काय उरणार? ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत जाणं सोडतो. एकटा पडतो, बोलणं थांबतं, चालणं थांबतं. त्यात रक्तदाब मोकळा सोडलेला. या सगळ्याने पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका वाढतो."

"माझ्या आईला होता," शशिकला म्हणाली. हे वाक्य ती कोणासमोर तरी पहिल्यांदाच बोलत होती.

"असेल. त्यामुळे तुमचा धोका थोडा वाढतो. तुम्हाला होणारच, असं त्यातून ठरत नाही. वय आणि आईवडील आपल्या हातात नसतात. कान, रक्तदाब, माणसांत मिसळणं, हालचाल, हे बरंचसं हातात आहे. मी खात्री देणार नाही. कोणीच देऊ शकत नाही. पण ज्याच्यावर काम करता येईल असं पुष्कळ आहे तुमच्याकडे."

बाहेर आल्यावर शशिकला दवाखान्याच्या पायरीवरच बसली. मंजूषा घाबरली. "आई, काय होतंय?"

"काही नाही. वर्षभर मी मेलेल्यासारखी जगत होते गं," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून उठली.

पण कानातली यंत्रं आली आणि पहिल्याच दिवशी तिला नको झालं. पंखा विमानासारखा घोंघावायचा. ताटात वाटी ठेवली की कानात खण्णकन आवाज व्हायचा. स्वतःचं पाऊलसुद्धा ऐकू यायचं. गल्लीतली कुत्री तर डोक्यात भुंकायची. चौथ्या दिवशी तिने यंत्रं काढून डबीत ठेवली.

"वन्सं, मला जमणार नाही हे."

प्रमिला आली होती पंधरा दिवसांसाठी, पण ती परत जायचं नाव काढत नव्हती. ती खुर्चीत बसून गुडघ्याचे व्यायाम करत होती. "गुडघा बदलला तेव्हा मीसुद्धा डॉक्टरला म्हटलं होतं, हा परत घ्या, माझा जुना द्या. महिनाभर रडले. आज बघ, तुझ्या घरचे जिने चढते."

"तुमचा गुडघा भुंकत नाही."

प्रमिला खो खो हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "शशी, गोपीनाथ गेल्यापासून मी तुला फोन करते आणि तू नुसतं हो हो म्हणतेस. मला वाटायचं, हिला माझा कंटाळा आला. आता कळलं, तुला ऐकूच येत नव्हतं. लाव ती यंत्रं. मला तुझ्याशी बोलायचंय."

शशिकलाने डबी उघडली. यंत्रं बसवून देणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की रोज थोडा थोडा वेळ वाढवा, मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा शिकावे लागतात. तिने तसंच केलं. सकाळी प्रमिलाशी गप्पा, दुपारी रेडिओ, मग भाजीबाजार. काही आठवड्यांत पंखा मागे सरला आणि माणसं पुढे आली. रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाबरोबर ठरून गेली. आणि एका संध्याकाळी, दोघी फिरायला निघाल्या असताना, तिला मैदानाच्या दिशेने एक आवाज ऐकू आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका दमातला, न तुटलेला.

मैदानावर मुली सराव करत होत्या. त्यांची प्रशिक्षक रेखा अहिरवार हिला शशिकलाने ती शाळकरी खेळाडू असल्यापासून पाहिलं होतं. रेखा धावत आली आणि पाया पडली.

"मॅडम, कहाँ थीं आप इतने साल?"

"घरी," शशिकला म्हणाली. "बसू का इथे?"

त्या दिवसापासून ती रोज जाऊन बसू लागली. आधी बसली, मग मैदानाभोवती चालू लागली, मग सरावाच्या सामन्यांत शिट्टी हातात घेऊ लागली. मुलींची नावं लवकर पाठ होत नव्हती. चेहऱ्याने नाही, तर खेळाने ती त्यांना ओळखू लागली. उजवीकडे झुकून पाय टाकणारी मुस्कान. डोळ्यांनी एकीकडे पाहून हात दुसरीकडे मारणारी साक्षी. आधी खेळ लक्षात राहायचा आणि मग त्याला नाव येऊन चिकटायचं.

जानेवारीत वसाहतीतल्या मराठी मंडळाची कबड्डी स्पर्धा असायची. मंडळाचे सचिव मधुकर परांजपे शशिकलाच्या घरी आले. चहा झाला.

"शशिकलाताई, यंदा अंतिम सामन्याला तुमचा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ. तुम्ही एवढी सेवा केलीत."

"शाल नको, माइक द्या."

मधुकररावांनी कप खाली ठेवला. मंजूषाही तिथेच होती. तिने आईकडे पाहिलं.

"ताई, राग मानू नका," मधुकरराव चाचरत म्हणाले, "पण मागे असं कानावर आलं की तुम्हाला… म्हणजे, नावं वगैरे आठवत नाहीत. सामना वेगात असतो. लोक हसतील."

"कानावर आलं ते खरं आहे. नावं अडतात माझी. नाही जमलं तर मी स्वतः खाली उतरेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही. आधी साखळी सामने द्या. मग ठरवा."

मधुकररावांनी मंजूषाकडे पाहिलं. तिच्याकडून नकाराची अपेक्षा असावी. मंजूषा म्हणाली, "काका, द्या तिला."

पहिला सामना वाईट गेला. ताशेवाली पोरं अगदी जवळ होती आणि भोंगा तिच्या कानाशी. यंत्रांत सगळ्या आवाजांचा काला झाला. तिने एका मुलीला दुसरीच्या नावाने बाद केलं. प्रेक्षक हसले, कोणीतरी शिट्टी मारली. घरी येताना शशिकला म्हणाली, "जागा चुकली. भोंग्याच्या मागे बसायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली, टेबल मैदानाच्या दुसऱ्या बाजूला हलवून घेतलं आणि यंत्रांचा आवाज गर्दीला साजेसा करून घेतला. दोन्ही संघ सरावाला उतरले तेव्हा ती रेषेजवळ उभी राहून प्रत्येकीला निरखत राहिली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी मैदानाबाहेरचे चहावाले कपबशा ठेवून आत आले. मधुकररावांनी न विचारताच अंतिम सामन्याच्या पत्रिकेवर तिचं नाव छापलं.

अंतिम सामना रेखाच्या अयोध्या नगर संघाचा आणि विदिशाच्या संघाचा होता. थंडी होती, तरी मैदानाच्या चारी बाजूंना माणसं दाटीवाटीने उभी होती. शशिकला बोलत होती ती हिंदीत, मध्येच मराठीत, जशी भोपाळची मराठी माणसं बोलतात. तिचे शब्द चढाई करणाऱ्या मुलीबरोबर पुढे सरकायचे, रेषेपाशी दबा धरायचे आणि पकड झाली की उसळायचे. प्रमिला पहिल्या रांगेत बसली होती, पाय लांब करून.

विदिशाचा संघ सुरुवातीपासून पुढे होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना मुस्कानने त्यांची शेवटची खेळाडू बाद केली, पूर्ण संघ बाद झाल्याने लोण चढला, त्यांच्या सातही जणी पुन्हा आत आल्या, आणि अंतर फक्त दोन गुणांचं राहिलं. पुढच्या चढायांनंतर मात्र गोंधळ झाला. एका गुणलेखकाच्या मते दोन्ही संघ बरोबरीत होते, दुसऱ्याच्या मते अयोध्या नगर एका गुणाने पुढे. रेषेवरच्या पंचाने बोनसचा इशारा दिला होता, मुख्य पंचाने तो पाहिलाच नव्हता. दोन्ही संघांच्या मुली पंचांभोवती जमल्या. प्रेक्षक दोऱ्या ओलांडून आत येऊ लागले.

शशिकला उभी राहिली. तिने माइक तोंडाजवळ धरला आणि आवाज न चढवता बोलू लागली. मैदान हळूहळू शांत झालं.

"लोण चढला तेव्हा विदिशा दोन गुणांनी पुढे. यावर कोणाचा वाद आहे?"

कोणाचा नव्हता.

"त्यानंतर विदिशाची पहिली चढाई. रिकामी. मग आपली साक्षी गेली. एका दमात दोघींना बाद केलं. एक डाव्या कोपऱ्यातली पूजा. दुसरी…"

ती थांबली. नाव येईना. हजारभर माणसं तिच्याकडे पाहत होती. मंजूषाने बाजूच्या खांबाला घट्ट धरलं. मधुकरराव माइककडे एक पाऊल सरकले.

शशिकला मात्र जागची हलली नाही. हातपाय गार पडले नाहीत. "दुसरी हिरव्या मोज्यांची," ती म्हणाली. "नाव या क्षणी आठवत नाही. साक्षीने तिच्या घोट्याला हात लावला होता, ती आत्ता तिकडे बाकावर बसली आहे. नाम बताओ बेटा."

"वैशाली," विदिशाच्या बाकावरून आवाज आला. लोक हसले, पण त्या हसण्यात टर नव्हती.

"वैशाली. शुक्रिया. म्हणजे गुण बरोबरीत आले आणि विदिशाच्या पाच जणी उरल्या. मग त्यांच्या वर्षाची चढाई, तीही रिकामी, म्हणून बाद झालेली कोणी परत आत आली नाही. त्यानंतर मुस्कान गेली आणि तिने बोनस रेषा ओलांडली. समोर पाच जणी होत्या. बोनसचा गुण समोर सहा असतील तरच मिळतो. पाँच पर बोनस नहीं होता."

म्हणजे गुण अयोध्या नगरचाच जात होता. मुस्कानने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे रागाने पाहिलं. मुख्य पंचाने दोन्ही गुणलेखकांना जवळ बोलावलं, कागदावर एकेक चढाई तपासली, बाकावर बसलेल्या मुली मोजल्या, आणि हात वर केला. बोनस रद्द. बरोबरी.

आधी विदिशाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मैदानाने.

खेळ पुन्हा सुरू झाला. एक चढाई रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीही रिकामी. शेवटची चढाई मुस्कानच्या वाट्याला आली. ती उजवीकडे झुकली, विदिशाच्या मुलींनी साखळी केली, मुस्कानने मागे वळता वळता पाय लांब केला, बोटं कोणाच्या तरी गुडघ्याला लागली आणि दोघी तिच्या अंगावर पडल्या. ती जमिनीवर सरपटत होती. शशिकलाने वर्णन थांबवलं नाही. मुस्कानचा दम तुटलेला नाही, हात पुढे आहे, वीतभर उरलं आहे, चार बोटं उरली आहेत. मुस्कानची बोटं मध्यरेषेवर पडली आणि पंचाची लांब शिट्टी वाजली.

त्यानंतर शशिकला काय बोलली ते कोणालाच ऐकू आलं नाही. ताशे सुरू झाले, मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, रेखा रडत होती. शशिकलाने माइक टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले, खेळायच्या दिवसांत करायची तसे.

मुस्कान धुळीने माखलेली तशीच टेबलापाशी आली. "मॅडम, मेरा बोनस खा गईं आप."

"तेरा था ही नहीं," शशिकला म्हणाली. "पर आखिरी वाला पूरा तेरा था."

मंजूषा गर्दीतून वाट काढत आली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. घर भाड्याने द्यायचं तिच्या मनातून कधीच गेलं होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा चाचणी झाली होती, कुठेही घसरण नव्हती, काही ठिकाणी गुण वाढलेही होते. डॉक्टरांनी पुढे दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं होतं. पुढचं पुढे. आज मंजूषाला फक्त आईचा आवाज बसलेला आहे एवढंच जाणवत होतं, आणि त्या बसलेल्या आवाजात आई विदिशाच्या वैशालीला जवळ बोलावून तिची डाव्या पायाची चूक समजावून सांगत होती.

लोक पांगू लागले तेव्हा रेखा आली. "मॅडम, अगले महीने नर्मदापुरम में टूर्नामेंट है. लड़कियाँ पूछ रही हैं, आप चलेंगी?"

"बस किती वाजता?"

"सुबह छह."

"सहा," शशिकला म्हणाली. "दोन जागा धर. वन्संना खिडकी लागते."